बायकांनी बाहेर

आमचे डॉक्टर कुणालाही 'समजलं का?' असं विचारत नसत. "समजलं का म्हनलं की आपल्याकडचा मानूस व्हय म्हनतो. बैलाला इचारलं तरी तो मान हालवतो," असं त्यांचं म्हणणं. ते विचारत नसत, सांगत, आणि सांगून झालं की टेबलावर बोटाचं पेर आपटून म्हणत, "आता म्हनून दाखवा." मग समोर साखर कारखान्याचा संचालक असो की नागापूरच्या कंपनीतला इंजिनीअर, त्याला शाळेतल्या पोरासारखं सगळं परत म्हणून दाखवावं लागे. एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

ही गोष्ट घडली तेव्हा मी त्यांच्याकडे सहा वर्षं कामाला होते. नगर-मनमाड रस्त्याला, एमआयडीसीच्या जरा अलीकडे त्यांचा दवाखाना. पाटीवर जनावरांचा दवाखाना लिहिलेलं, पण गायी-म्हशी सरकारी नोकरीत पोटभर झाल्या म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी फक्त कुत्री-मांजरं ठेवली होती. माझी नेमणूक केसपेपर लिहायला झालेली. खरं काम कुत्री धरायचं. माझं माहेर संगमनेरकडचं, घरी गायींचा गोठा, त्यामुळे अंगाला न झोंबता जनावर कसं धरायचं हे मला लहानपणापासून येत होतं. एक हात कानामागे, एक हात पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये, आणि तोंडाने काहीबाही बडबड चालू ठेवायची. भलेभले कुत्रे माझ्या हाताखाली गप व्हायचे. मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हते.

एकच काम मला करू देत नसत. कांडीचं.

ज्या नर कुत्र्याचं ऑपरेशन करता येत नाही, किंवा मालकाला करायचं नसतं, त्याच्यासाठी एक औषध मिळतं. भाताच्या लांब दाण्याहून जराशी मोठी पांढरी कांडी. जाड सुईने ती खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली सरकवायची. ती तिथे बसून सहा महिने थोडं थोडं औषध सोडत राहते आणि कुत्र्यातला नर झोपी जातो. औषध संपलं की जागा होतो. ह्या कांडीचा डबा डॉक्टर फ्रिजमध्ये कुलूप लावून ठेवत. वापरलेली सुई स्वतः उचलून टाकत, ट्रे स्वतः धूत. आणि डबा बाहेर निघाला की दारात उभं राहून ओरडत, "बायकांनी भाईर!"

म्हातारी असो, कॉलेजची मुलगी असो, कुत्र्याची मालकीण असो, सगळ्या बाहेरच्या बाकावर. मीसुद्धा. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "कारन कागदात हाय. घरी जाऊन वाचा."

हा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलेला होता. त्यावर चार ओळी होत्या. पहिल्या तीन ते मालकाकडून म्हणून घेत. एक, सुईची जागा चोळायची नाही. दोन, पहिले काही आठवडे कुत्रा उलट जास्त उधळेल, घाबरायचं नाही. तीन, सहा आठवडे त्याला माद्यांपासून लांब ठेवायचं, कारण कांडी आज घातली म्हणून तो आजच थंड होत नाही. चौथी ओळ ते कुणाकडूनही म्हणून घेत नसत. चौथी अशी होती: गरोदर बाईने ह्या औषधाला हात लावू नये आणि सुईजवळ थांबू नये.

ह्या कागदाच्या झेरॉक्स मीच काढून आणायची, एका वेळी शंभर. तरी मी तो एकदाही वाचला नव्हता. मालकांना द्यायचा कागद आपण कशाला वाचायचा! कांडी हे नर कुत्र्यांचं औषध, बायका चालत नाहीत म्हणजे काहीतरी विटाळाची भानगड असणार, असा मी माझा अर्थ काढून ठेवला होता. आणि त्या वर्षी ऐन एप्रिलात मला दिवस गेले होते. त्याआधी दोनदा दिवस राहून, दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या आत गेलं होतं. त्यामुळे ह्या खेपेला मी आणि नवरा सोडून घरात कुणालाही माहीत नव्हतं. तीन महिने पुरे होईस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही, दृष्ट लागते, हे आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर शिकवतात. मी सकाळी उलटी करून, तोंड धुऊन, लिपस्टिक लावून कामावर जात होते.

डॉक्टरांचं मूळ गाव पाथर्डीकडचं, कोरड्या भागातलं. आईबाप ऊसतोडीला जायचे. त्यांच्या वाडीतला शिकून जनावरांचा डॉक्टर झालेला हा पहिलाच माणूस. पदवी घेतली, सरकारी जीप फिरवली, पण बोलणं गावचं ते गावचंच राहिलं. "भाषा काय सुटाबरोबर भाड्यानं मिळती व्हय?" असं म्हणायचे. टेबलावर पितळेची एक लहानशी बुद्धमूर्ती असायची आणि तिच्या शेजारी लोखंडी पट्टी. पट्टी चोळणाऱ्यांसाठी.

कारण आमच्या जिल्ह्यात दुधाचा धंदा, आणि गायीला टोचलं की जागा खसाखसा चोळायची हे प्रत्येकाच्या हातात बसलेलं. माणूस तिकडे बोलत असतो आणि हात आपोआप सुईच्या जागेवर जातो. कांडी चोळली तर तुटते, तुटली तर औषध एकदम सुटतं किंवा बाहेर येतं, हे डॉक्टरांनी कितीही सांगितलं तरी हात काही ऐकत नसे. मग पट्टी. श्रीरामपूरच्या एका निवृत्त मामलेदारांना त्यांनी हातावर पट्टी मारलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. मामलेदार एवढे चकित झाले की त्यांनी "सॉरी सर" म्हटलं.

आणखी त्यांचा एक प्रकार म्हणजे लाल दोरा. सहा आठवडे मोजायचं लोकांच्या लक्षात राहत नाही म्हणून ते कांडी घातलेल्या कुत्र्याच्या पट्ट्याला लाल दोरा बांधत. दोरा आहे तोवर कुत्रा मोकळा सोडायचा नाही. सहा आठवडे झाले की दवाखान्यात यायचं, दोरा तिथेच कापायचा, घरी कापायचा नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच. तो दोरा मंतरलेला आहे असं वारं आजूबाजूच्या गावांत सुटलं. एक दिवस एक बाई आपल्या दारुड्या नवऱ्याचा फोटो घेऊन आली आणि "त्यांच्यासाठी पन द्या की एक दोरा" म्हणून बसली. डॉक्टर आधी तांबडेलाल झाले. मग त्यांनी तिला पाऊण तास समोर बसवून दारू सोडवायचा दवाखाना कुठे आहे, कुठल्या बसने जायचं, कुणाला भेटायचं हे सांगितलं. शेवटी पेर आपटून, "म्हनून दाखवा."

अशा माणसाने बायकांना बाहेर काढावं, हे माझ्या डोक्यात वर्षानुवर्षं खुपत होतं. मुकादमाच्या दिवशी ते फुटलं.

मुकादम हा कुत्रा. संगमनेरकडच्या बाळासाहेब नावाच्या दूधवाल्याचा. ऊसतोडीच्या टोळीपुढे मुकादम चालतो तसा हा गावभरच्या कुत्र्या मागे घेऊन चालायचा, म्हणून नाव मुकादम. आठ-नऊ वर्षांचा, वासराएवढा, आणि लघवीच्या जागेची गाठ वाढल्यामुळे कुंथून कुंथून बेजार झालेला. ऑपरेशन हा खरा उपाय, पण त्याचं हृदय ठीक नव्हतं आणि भूल देणं धोक्याचं होतं. म्हणून कांडी. बाळासाहेबांना त्याने त्या दिवशी दारातच गुरगुरून मागे सारलं होतं. मी मान खाजवली तसा टेबलावर चढून उभा राहिला.

डॉक्टरांनी फ्रिजचं कुलूप काढलं. "बायकांनी भाईर."

मी हात काढला नाही. "डॉक्टर, हा माझ्याशिवाय कुणाला धरू देणार नाही."

"मग बाळासाहेब धरत्याल."

"ते धरतील आणि तो त्यांना फाडेल. मी का नाही धरायचं? कारण सांगा."

"कारन कागदात हाय. तू भाईर हो."

"कागद मालकांचा. माझं कारण मला सांगा."

माझं तोंड सुटलं. उकाडा होता, पोटात सकाळपासून ढवळत होतं, आणि दोन वेळचं दुःख अंगात साठलेलं होतं. पण हे मी आज सांगते आहे. तेव्हा मला फक्त राग आला होता. मी म्हटलं, "टेबलावर बुद्ध ठेवता आणि बाईचा विटाळ पाळता? तुम्हाला उंबऱ्याबाहेर उभं करणारे आणि तुम्ही, फरक काय राहिला मग?"

बाळासाहेबांनी नजर खाली घातली. डॉक्टरांचा चेहरा इतका बदलला की मला वाटलं आता ते मला कामावरून काढतील. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला. मग अगदी हळू म्हणाले, "तू आत हाईस तवर ह्यो डबा मी उघडत न्हाई. संध्याकाळपर्यंत उभी राहा. मीबी उभा राहतो."

आणि खरंच हात मागे बांधून उभे राहिले. मीही राहिले. दोघंही हट्टाला पेटलेलो. शेवटी कुंथणारा मुकादम माझ्याकडे बघायला लागला तेव्हा मलाच राहवलं नाही. मी बाहेर गेले आणि दार असं आपटलं की कॅलेंडर पडलं. बाकावर बसून मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत होते.

पाच मिनिटं झाली असतील. आत एकदम टेबल सरकल्याचा आवाज, मुकादमाचं भुंकणं, बाळासाहेबांची आरोळी, आणि मग डॉक्टरांचा आवाज, "आत कुनी यायचं न्हाई! कुनी न्हाई!"

काय झालं ते मला नंतर कळलं. बाळासाहेबांचा हात कच्चा, म्हणून डॉक्टरांनी स्वतःचा डावा हात मुकादमाच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये ठेवला होता. मी ठेवते तिथेच. सुई कातडीत शिरली आणि मुकादम उसळला. सुई कातडीच्या घडीतून पलीकडे निघाली, डॉक्टरांच्या अंगठ्याखालच्या मांसात घुसली, आणि त्या धक्क्यात दट्ट्याही दाबला गेला. सिरिंज रिकामी. कुत्र्याच्या अंगात काही नाही. कांडी डॉक्टरांच्या हातात.

ते बाहेर आले ते डावा हात छातीपाशी उचलून. मागून बाळासाहेब घाबरेघुबरे धावत आले, त्यांनी तो हात धरला आणि गायीच्या पाठीवर चोळतात तसा खसाखसा चोळायला सुरुवात केली.

"चोळू नको!" डॉक्टर असे गरजले की समोरच्या गॅरेजमधली माणसं बाहेर आली. "पयली ओळ! पयली ओळ काय हाय?"

"चोळायचं न्हाई," बाळासाहेब रडवेल्या आवाजात म्हणाले.

मी रिक्षा थांबवली. डॉक्टरांनी औषधाच्या डब्यातला छापील कागद आणि आपला चार ओळींचा कागद माझ्या हातात कोंबला. सर्जनला दोन्ही दाखवायचे, हलगर्जी करायची नाही, कांडी आजच्या आज बाहेर काढायची. रिक्षात ते ताठ बसले होते. हात तसाच वर धरलेला. "सहा म्हयनं मी आता लई गरीब होनार बघ," एवढं म्हणाले आणि स्वतःच हसले.

सर्जनच्या दवाखान्यात त्यांना आत घेतलं आणि मी बाहेर खुर्चीत बसले. हातात कागद होता आणि करायला काही नव्हतं, म्हणून वाचला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. मग चौथी.

मी ती परत परत वाचली. मग माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मुकादमाच्या पाठीवर हा हात असता. कदाचित काही झालं नसतं, नुसत्या टोचण्याने सगळं बिघडतंच असं थोडंच आहे. पण दोनदा गेल्यावर कदाचितच्या जोरावर झोप लागत नाही. मी पदराआड हात पोटावर ठेवला आणि तिथे, अनोळखी माणसांच्या रांगेत, ढसाढसा रडले. शेजारची म्हातारी म्हणाली, "वडील हायेत का आत?" मी हो म्हटलं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा हाताला पट्टी होती आणि मागून सर्जन गोंधळलेल्या चेहऱ्याने येत होता. कांडी अख्खी निघाली की तुकडा राहिला, हे त्यांनी त्याच्याकडूनसुद्धा दोनदा म्हणून घेतलं होतं. अख्खी निघाली होती.

आम्ही जिन्याजवळ थांबलो. मला आता कुणाच्या दृष्टीची भीती वाटत नव्हती. सासूला, आईला, बहिणीला कुणालाच न सांगितलेलं मी त्यांना सांगायला लागले. "डॉक्टर, मला दोन महिने..."

त्यांनी चांगला हात वर करून मला थांबवलं.

"मी इचारलं का?"

ते जिन्याच्या कठड्याला टेकले आणि सांगू लागले. पूर्वी ते विचारायचे. दवाखाना नवा होता तेव्हा डबा उघडायच्या आधी सरळ विचारायचे, कुणी गरोदर आहे का? एकदा एक नवी सून सासऱ्याबरोबर कुत्रा घेऊन आली. त्यांनी विचारलं, ती नाही म्हणाली. तिने कुत्रा धरला. महिन्याभराने सासरा पेढे घेऊन आला, सुनेला चौथा महिना लागला म्हणून.

"तिचं काय वाईट झालं न्हाई," डॉक्टर म्हणाले. "पन ते पेढं काय मला गिळलं न्हाईत. सासऱ्याच्या म्होरं ती काय व्हय म्हननार हुती? चूक तिची न्हाई, सवाल इचारनाऱ्याची. ज्या सवालाचं खरं उत्तर देता येत न्हाई, तो सवाल इचारायचा न्हाई. आन् गरोदर बाईनं भाईर जावा म्हनलं, तर जी उठली तिचं बिंग फुटलं. मग सगळ्याच भाईर. कुनाचं काय कळत न्हाई."

"पण लोक तुम्हाला काय काय म्हणतात. मीसुद्धा आज..."

"उंबऱ्याभाईर उभं राहनं काय असतं ते मला ठाव हाय, पोरी. चार वर्सं शाळेत दाराभाईर बसून शिकलो. तू बोललीस ते लागलं. लई लागलं." त्यांनी पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "पन लागलं म्हनून रीत बदलायची न्हाई. मला कुनी कायबी म्हनू दे."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ओरडले, "वाकू नको, पडशील!" आणि मग स्वतःच चपापून इकडे-तिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

मुकादमाला दुसऱ्या दिवशी नवी कांडी घातली. दोन गडी, एक घोंगडी, आणि मी बाकावर. पुढचे पंधरा-वीस दिवस तो असा उधळला की बाळासाहेबांचा रोज फोन, "डॉक्टर, औषध उलटं पडलं." डॉक्टर दर वेळी त्यांच्याकडून दुसरी ओळ म्हणून घेत आणि कुंथणं वाढलं तर लगेच घेऊन यायचं, हेही. मग हळूहळू गाठ उतरली. माझं टेबल मात्र त्या पहिल्याच आठवड्यात बाहेरच्या खोलीत गेलं. आतमध्ये केसपेपरला ओल लागते, असं कारण डॉक्टरांनी सगळ्यांना सांगितलं. भर उन्हाळ्यात नगरात ओल! पण त्यांच्याशी वाद कोण घालणार? डिसेंबरात मला मुलगी झाली. बारशाला त्यांनी पाळण्याशेजारी उभं राहून नाव विचारलं, आणि मी सांगितल्यावर ह्या खेपेला स्वतःच एकदा म्हणून दाखवलं.

डॉक्टर मागच्या वर्षी गेले. मला फार जड गेलं, अजूनही जातं. आता त्यांच्याच हाताखाली शिकलेले एक तरुण डॉक्टर दवाखाना चालवतात. कागद तोच आहे, लोखंडी पट्टी तीच आहे, आणि डबा निघाला की दारात उभं राहून ओरडायचं काम माझ्याकडे आलं आहे. ओरडून झालं की मीही बाहेर येते. माझं आता वय झालं आहे, मला थांबायला हरकत नाही. पण एक बाई आत थांबली की बाहेर बसलेल्यांकडे लोक संशयाने बघतात.

उन्हाळ्याच्या आधी नागापूरची एक मुलगी दिराबरोबर चांगला दांडगा कुत्रा घेऊन आली होती. कंपनीत मशीन चालवते, कुत्रा तिचा, दीर नुसता गाडी चालवायला. मी बाहेर व्हायला सांगितलं तशी ती भडकली. "ह्या काळात असलं पाळता तुम्ही? स्वतः बाई असून?" मी म्हटलं, "कारण कागदात आहे. घरी जाऊन वाचा." ती माझ्या शेजारी बाकावर बसली, पण पाठ फिरवून. रात्रीपर्यंत मोबाईलवर दवाखान्याला एक तारा पडला आणि खाली लिहिलेलं, शिकलेली माणसं पण विटाळ पाळतात. नवे डॉक्टर म्हणाले, "ताई, उत्तर लिहू या का?" मी नको म्हटलं.

सहा आठवड्यांनी ती दोरा कापायला आली. दीर कुत्र्याला घेऊन फाटकाशी उभा राहिला. ती मागे रेंगाळली. चार ओळींचा कागद तिच्या हातात घडी पडून पडून मऊ झाला होता. तिने एकदा फाटकाकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "ताई, त्या दिवशी ना मला..."

कापलेला लाल दोरा मी तिच्या तळहातावर ठेवला, तिची मूठ मिटली आणि म्हटलं, "मी विचारलं का?"